वार्निशचे दोन हात

शालिक गेल्याचं मला मिलमध्ये कळलं. फोन त्याच्या मुलीचा होता, नागपूरहून. "काका, सकाळी बाबा गेले. चहाचा कप हातातच होता," एवढंच ती बोलली. मी बॉयलरजवळ उभा होतो, उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाची वाफ अंगावर येत होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे की, आता सांगायचं राहून गेलं... आणि त्याच्या मागोमाग, एका श्वासाइतका वेळ का होईना, आता सांगावं लागणार नाही, हेही आलं. त्या एका श्वासाची लाज पाच आठवडे झाले तरी गेलेली नाही. हा लेख मी त्या लाजेपोटी लिहितो आहे, वाचकांनी तो तसाच वाचावा.

अंत्यविधी केशोरीच्या पलीकडे त्याच्या गावी झाला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. आमच्याकडे चिता पेटल्यावर माणसं लगेच उठत नाहीत. बाजूच्या झाडाखाली बसतात, दोघं-चौघं उभे राहून दोन शब्द बोलतात, मग मौन होतं आणि मग पांगापांग. त्याच्या कॉलेजचे एक तरुण प्राध्यापक बोलायला उभे राहिले. मुलगा भला आहे, मनापासून बोलत होता. म्हणाला, "सरांनी आयुष्यातली दहा वर्षं ज्या संशोधनाला दिली, ते फसलं, हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. असा प्रामाणिकपणा आता कुठे राहिला?" माणसांनी माना हलवल्या. मग कोणीतरी म्हणालं, "टेकचंदभाऊ, तुमी बोला. तुमी तं त्यायचे जुने दोस्त." मी उभा राहिलो. शालिक फार चांगला माणूस होता, असं काहीतरी बोललो, हात जोडले आणि खाली बसलो. ते संशोधन फसलेलं नव्हतं. ते बिघडवणारा माणूस तिथे सगळ्यांसमोर हात जोडून उभा होता.

आमची ओळख गोंदियाच्या कॉलेजातली, बी.एस्सी.ची. एका खोलीत तीन वर्षं राहिलो. मी गोरेगावकडचा पोवार, तो तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातला. माझ्या घरी धान होतं, त्याच्या घरी धान होतं आणि तलावाच्या गोष्टी होत्या. त्याचा आजा पावसाळ्यात रोज सकाळी पाळीवरून अनवाणी चालायचा. चप्पल घालून चालणाऱ्याला तो शिव्या द्यायचा. कारण पाळीला कुठे आतून पाणी लागलं असेल तर ते आधी तळपायाला कळतं, डोळ्याला फार उशिरा. शालिक ही गोष्ट नेहमी सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "पाळ फुटाच्या आधी सांगते रे. लोखंड नाही सांगत. लोखंड एकदम तुटते." मी हसायचो. मला तेव्हा परीक्षेपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि परीक्षेतही फार काही दिसलं नाही. मी बी.एस्सी.वर थांबून भाताच्या मिलमध्ये लागलो, हळूहळू मशीनरीची देखभाल माझ्याकडे आली. तो पुढे शिकला, पॉलिमरमध्ये डॉक्टरेट केली आणि मोठ्या शहरात राहायचं सोडून गोंदियालाच शिकवायला आला. मुर्रीला घर बांधलं. मला तो चारचौघांत 'इंजिनिअरसाहेब' म्हणायचा. मी इंजिनिअर नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण त्याच्या तोंडी ती थट्टा नसायची, आणि मला ते ऐकायला आवडायचं, हेही कबूल करतो.

एके संध्याकाळी तो माझ्या घरी टिनाची एक पट्टी घेऊन आला. पट्टीवर काचेसारखा पातळ थर होता. त्यानं दिवे बंद करायला लावले आणि खिशातून एक जांभळा उजेड देणारी बॅटरी काढली, अतिनील दिवा. पट्टीवर काही दिसेना. मग त्यानं ती पट्टी दोन्ही हातांनी वाकवली आणि पुन्हा उजेड धरला, तर वाकल्या जागी काजव्यासारखी हिरवी रेघ. माझी बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि तिथेच थांबली. शालिकनं समजावून सांगितलं. या थरात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक गोळ्या असतात, प्रत्येक गोळीत एक द्रव. थर ताणला, तडकला, की गोळी फुटते आणि सुटलेला द्रव या दिव्याखाली चमकतो. लोखंड तुटण्याच्या कितीतरी आधी, जिथे त्याला ताण बसतो आहे तिथे, ही रेघ येते. आणि एकदा आली की जात नाही. "फुटलेली गोळी पुन्हा जुळत नाही," तो म्हणाला.

बायको म्हणाली, "मास्तर, हे आमच्या यायच्या कपाळाले लावता येते का? खोटं बोलले का चमकलं पायजे."

"वहिनी, मंग तं आपल्या जिल्ह्यात लाइटची गरजच नाही पडनार," शालिक म्हणाला, आणि तिघंही पोट धरून हसलो.

प्रयोगशाळेत त्याचं सगळं जमलं होतं. आता त्याला अशी जागा हवी होती जिथे धूळ, वाफ, उष्णता आणि हादरे सगळं एकत्र आहे. ते जमलं तर हा थर आमच्याकडच्या तलावांच्या, पाणी सोडायच्या लोखंडी दारांवर लावून पाहायचा, असं पाटबंधाऱ्यांच्या वरच्या कार्यालयात ठरत आलं होतं. त्याच्या आजाच्या तळपायाचं काम हा थर करणार होता. तो तसं बोलला नाही कधी, पण मला ते कळत होतं. भाताच्या मिलपेक्षा वाईट जागा कुठे मिळणार? मी मिलच्या मालकांना, सेठजींना विचारलं, ते "कर लो भाई, अपना क्या जाता है" म्हणाले. शालिकनं थर लावलेल्या सोळा लोखंडी पट्ट्या आणल्या आणि धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या खांबांना स्वतः नटबोल्टनं कसल्या. दुपारभर शिडीवर होता, सगळा कोंड्यानं पांढरा झाला होता. खाली उतरून मला म्हणाला, "टेकचंद, दीड वर्ष. पुसाचं नाही, घासाचं नाही, रंग नाही लावाचा. काही कराचंच नाही, एवढंच तुयं काम हाय. जमन ना?" मी म्हणालो, "काहीच न करण्यात माझा हात कोण धरणार!"

सव्वा वर्ष काही केलं नाही. मग विश्वकर्मा पूजा आली.

गोंदियाच्या मिलमध्ये विश्वकर्मा पूजा काय असते ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. त्या दिवशी मशीनला पाना लागत नाही. आदल्या दोन दिवसांत सगळी मशीनरी रॉकेलनं धुतात, घासतात, जिथे गंज असेल तिथे रंग देतात. पूजेला मशीन कोरी दिसली पाहिजे. फिटर, हमाल, बॉयलरवाला सगळे त्यात मनापासून राबतात. वर्षभर मशीनला शिव्या देणारा माणूस त्या दिवशी तिच्या पाया पडतो. मीही पडतो. त्या वर्षी आदल्या दिवशी सेठजी त्यांच्या व्याह्यांना घेऊन मिल दाखवायला आले. एलिव्हेटरचे खांब नव्या रंगात चकचकीत झाले होते आणि त्यावर शालिकच्या सोळा पट्ट्या, तेलकट कोंडा चिकटून काळपट झालेल्या. सेठजी व्याह्यांसमोर म्हणाले, "टेकचंदजी, ये मशीन को खाज हुई है क्या?" सगळे हसले. व्याहीही हसले. तेवढंच. कोणी मला रागावलं नाही, नोकरीची धमकी दिली नाही. चार माणसं हसली, एवढ्यासाठी मी फिटर कुवरलालला म्हणालो, "त्या पट्ट्या घासून काढ."

कुवरलाल शिकलेला नाही. तो म्हणाला, "साहेब, मास्तरनं लावलं हाय ना ते? हात लावू नोका म्हनले होते."

"मास्तर येऊन पूजा करन का? घास म्हटलं ना."

त्यानं घासल्या. खरवडायच्या लोखंडी पत्रीनं आणि रॉकेलनं, सोळाच्या सोळा, अगदी कोऱ्या लोखंडापर्यंत. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच पट्ट्यांना हळदीकुंकू वाहिलं.

शालिकला त्याच आठवड्यात सांगता आलं असतं. तो चिडला असता, दोन दिवस बोलला नसता आणि नव्या सोळा पट्ट्या घेऊन आला असता. त्याचं सव्वा वर्ष गेलं असतं, दहा वर्षं वाचली असती. पण मी तो विचार असा फिरवला की, आमच्या एलिव्हेटरचे खांब मजबूत आहेत, त्यात काही तुटणार नाही. तो येईल, दिवा धरेल, काही चमकणार नाही आणि 'लोखंड ठीक आहे' म्हणून निघून जाईल. मग काय फरक पडतो? काही दिवसांनी पट्ट्यांवर गंज दिसायला लागला, तेव्हा मी सुताराकडून वार्निश आणलं. एका रविवारी मिल बंद असताना शिडीवर चढून एकेका पट्टीला दोन हात दिले, आणि दुसरा हात ओला असतानाच त्यावर मूठमूठ कोंडा चोळला, जुनं दिसावं म्हणून. आयुष्यात इतकं नीट काम मी दुसरं केलेलं नाही.

दीड वर्ष झाल्यावर शालिक आला, सोबत दोन विद्यार्थी आणि वरच्या कार्यालयाचे एक साहेब. आणि येताना त्यानं लोखंड वाकवायचा शिकंजा आणला होता. ते मला ठाऊक नव्हतं. तो खांब तपासायला आलाच नव्हता. तो पट्ट्या काढून, वाकवून, दीड वर्षानंतरही थर जिवंत आहे का हे पाहणार होता. मी तेव्हाही बोललो नाही... पट्ट्या काढल्या, बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, खोलीत नेल्या, दार लावलं. त्यानं पहिली पट्टी शिकंजात धरून वाकवली आणि दिवा धरला. काही नाही. "अजून वाकव," तो विद्यार्थ्याला म्हणाला. काही नाही. दुसरी, तिसरी. पाचव्या पट्टीला तो म्हणाला, "अंधार पुरा नाही वाटते. तिकडून उजेड येऊन राहिला." आणि मी, सगळं ठाऊक असलेला मी, उठलो आणि खिडकीच्या फटीत रिकामा बारदाना कोंबला. मग म्हणालो, "आता पाहा." जांभळ्या उजेडात त्याचा चेहरा मला दिसत होता. तो पट्टीकडे पाहत नव्हता, पट्टीच्या वाकल्या जागेवर बोट फिरवत होता, जसं मुलाच्या कपाळाला हात लावून ताप बघावा. सोळावी पट्टी तर दुमडून तुटली. मग तो म्हणाला, "कोंड्यानं खाल्लं," आणि साहेबांना म्हणाला, "माफ करा, तुमचा दिवस वाया गेला."

पट्ट्या त्यानं कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एकही गोळी दिसली नाही. आमच्याकडची वाफ आणि कोंड्याचं तेल यात गोळ्या विरघळतात, हा थर बाहेर टिकत नाही, असं त्यानं अहवालात लिहिलं. तो थर त्याचा नाहीच, ही शंका त्याला शिवली नाही, कारण पट्ट्या माझ्या ताब्यात होत्या. त्या अहवालाची एक प्रत त्यानं मला आणून दिली. शेवटच्या पानावर आभार होते आणि त्यात माझं नाव, 'नमुने अत्यंत काळजीपूर्वक राखल्याबद्दल'. तलावांच्या दारांचं काम तिथेच थांबलं.

पुढची सहा वर्षं आम्ही भेटत राहिलो, मैत्री तशीच राहिली, हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. गोरेगावच्या आठवडी बाजारात एकदा चहा पिताना तो म्हणाला, "तुह्या मिलमंधी पावसाळ्यात वाफ जास्त असते का रे? का कोंडा?" तो अजून कारण शोधत होता. मी म्हणालो, "दोन्ही असते. पावसाळ्यात तर फारच." तो "हं" म्हणाला आणि कपातल्या चहाकडे पाहत राहिला. एकदा म्हणाला, "बाहेरच्या देशात असलेच थर आता टिकून राहिले म्हणतात. त्यायची हवा कोरडी असन." मी म्हणालो, "असेल." तो विचारत गेला आणि मी दर वेळी एक नवं खोटं पुरवत गेलो. पण त्या अहवालानंतर त्यानं त्या संशोधनाला पुन्हा हात लावला नाही. वर्गात शिकवायचा, पेपर तपासायचा. माणसं म्हणायची, सर शांत झाले. मला तो शांतपणा कशाचा आहे ते ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात मी त्या तरुण प्राध्यापकांकडे गेलो आणि हे सगळं लिहून, सही करून दिलं. त्यांनी वाचलं. मग विचारलं, "काका, म्हणजे थर टिकला असता?" मी म्हणालो, "मिलमध्ये टिकला असता की नाही, ते आता पुन्हा लावल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तो टिकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे." ते कुठे पाहिलं, ते सांगून थांबतो.

त्याआधी दोन दिवस मी मुर्रीला इंदूवहिनींकडे गेलो होतो. शालिकची बायको. कमी बोलणारी, रोखठोक बाई. शालिकची खोली तशीच होती, पुस्तकं, टेबल, आणि मधोमध छताला दोन कड्यांवर टांगलेली लाकडी बंगई. कॉलेजातून आला की तो तिच्यावर बसून पेपर तपासायचा, पायानं हळू झोका देत. वहिनींनी कपाटातून तो जांभळा दिवा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा तुमी न्या, भाऊजी. तुमच्या मिलवाल्या कामाचा हाय. त्या दिवसापासून त्यायनं लावलाच नाही कधी."

मी तो घेऊ शकलो नाही. खाली फरशीकडे पाहत सगळं सांगितलं. पूजा, पत्री, वार्निश, बारदाना. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मले कायले सांगता? ज्याले सांगाचं होतं तो गेला." मी म्हणालो, "हो." पुन्हा थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "रात-रात जागले ते. माह्याच हातून कुठं चुकलं म्हने."

मग त्या उठल्या. मला वाटलं, जा म्हणतील. पण त्यांनी दिवा उचलला, खटका दाबून पाहिला, पेटला नाही. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले आणि खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. भर दुपार होती. खिडकीवर चादर टाकता टाकता म्हणाल्या, "पयले पयले येड लागलं होतं त्यायले. जे दिसन त्याले ते लावत. बकेटीच्या कानाले, सायकलले, या बंगईच्या कड्यायले..." आणि त्यांनी दिवा वर धरला.

उजव्या कडीवर काही नव्हतं. डाव्या कडीच्या मानेशी, जिथे ती छतातून खाली वळते, तिथे एक बारीक हिरवी रेघ होती. अर्धी कडी वेढून आलेली, केसाएवढी, पण स्वच्छ. मी स्टुलावर चढून जवळून पाहिली. गंज नाही, चीर नाही, नुसत्या डोळ्याला त्या कडीत काहीही खोट दिसत नव्हती. थर सात-आठ वर्षांचा होता. इतकी वर्षं तो त्याच्या डोक्यावर, दोन हातांवर, चमकत होता. त्यानं एकदा वर दिवा धरला असता तर... पण त्यानं धरला नाही. बारदान्याच्या त्या खोलीतून आल्यावर त्याचा त्यावर विश्वासच उरला नव्हता.

"एकाच बाजूनं काऊन?" मी स्वतःशीच बोललो.

"डावीकडंच बसत होते ते," वहिनी म्हणाल्या. "उजवीकडं पेपरायचा गठ्ठा ठेवत."

दिवा त्यांच्या हातात हलत नव्हता. आम्ही दोघं वर पाहत होतो. त्याच्या अंगाचा भार, रोजच्या संध्याकाळचा, तिथे लिहून ठेवल्यासारखा होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला सुचलं ते माझ्या धंद्यातलं. मी म्हणालो, "वहिनी, ही कडी बदलायला पाहिजे. मी उद्या फिटर पाठवतो. ही आता भार घेणार नाही."

त्यांनी दिवा बंद केला. अंधारात त्यांचा आवाज आला, "राहू द्या, भाऊजी. बसनार कोन हाय आता."